खांब देवगिरीचे, तोंड पश्चिमेला

छत्रपती संभाजीनगरहून वेरुळच्या वाटेला लागलं की पंधरा-सोळा किलोमीटरवर दौलताबादचा, म्हणजे जुन्या देवगिरीचा, डोंगर येतो. पर्यटकांची पावलं इथे ठरलेल्या वाटेनेच पडतात. महादरवाजातल्या तोफा, मग खंदक, अंधारी, मेंढा तोफ आणि शेवटी दम टिकला तर बारादरी. खाली सपाटीवर, महाकोटाच्या आत, चाँद मिनारापासून हाकेच्या अंतरावर एक मोठं आवार आहे. त्याला आज सगळे ‘भारतमाता मंदिर’ म्हणतात. वर चढायची घाई असलेले लोक तिथे पाच-दहा मिनिटं डोकावतात, मूर्तीला हात जोडतात आणि पुढे सरकतात.

ती पाच-दहा मिनिटं फार अपुरी आहेत. दख्खनमधल्या सर्वांत जुन्या मशिदींपैकी एक आपण पाहत असतो. दिल्लीचा सुलतान कुतुबुद्दीन मुबारक शाह खिलजी याने १३१८ मध्ये ती उभारली. तिचे खांब त्याहूनही जुने, यादवकाळातल्या जैन आणि हिंदू मंदिरांचे आहेत. आणि आत बसलेली देवता विसाव्या शतकातली. म्हणजे एकाच छताखाली तीन काळ नांदतात. त्यांतल्या प्रत्येकाने ही जागा आपली म्हणून मांडली, आणि प्रत्येकाला आधीच्याने ठेवलेल्या दगडांशी जुळवून घ्यावं लागलं. सुलतानांच्या आणि राजांच्या नावांनी ही वास्तू ओळखली जाते. पण ती समजून घ्यायची तर आधी देवगिरीच्या पाथरवटाकडे जावं लागतं.

यादवांचं नगर

बाराव्या शतकाच्या शेवटी पाचव्या भिल्लमाने कल्याणीच्या चालुक्यांचं जोखड झुगारलं आणि ११८७ च्या सुमारास देवगिरीला राजधानी केली. पुढची सव्वाशे वर्षं हा डोंगर मराठी मुलखाचं केंद्र होता. सिंघणाच्या काळात राज्य सर्वांत विस्तारलं. त्याच्याच पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. महादेव आणि रामचंद्र यांच्या काळात हेमाद्री म्हणजे हेमाडपंत करणाधिप, म्हणजे राज्याच्या दप्तरांचा प्रमुख, होता, आणि व्याकरणकार बोपदेव त्याच्या आश्रयाला होता. ज्ञानेश्वरी रामचंद्राच्याच राज्यात, १२९० मध्ये पूर्ण झाली.

या राज्यात जैनांचं स्थान मोठं होतं. व्यापारी पेठांवर त्यांची पकड होती आणि राजघराण्याचा आश्रयही होता. नाशिकजवळच्या अंजनेरीला सेउणचंद्र यादवाने चंद्रप्रभ तीर्थंकराच्या मंदिराला दान दिल्याचा बाराव्या शतकातला लेख आहे. देवगिरीपासून थोड्याच अंतरावर वेरुळची जैन लेणी त्याहून जुनी. खुद्द देवगिरीच्या नगरातही जैन मंदिरं होती. किल्ल्याच्या परिसरात, तटाच्या चिऱ्यांत आणि पडक्या भिंतींत त्यांचे कोरीव दगड आजही नजरेला पडतात.

त्या काळातल्या मराठवाड्यात देऊळ फक्त पूजेपुरतं नव्हतं. ‘लीळाचरित्रा’त चक्रधरस्वामी गावोगावच्या देवळांत, मढांत मुक्काम करतात, तिथे जेवणं होतात, चर्चा झडतात, वाटसरू उतरतात. महानुभावांनी पुढे ‘स्थानपोथी’त या जागांची नोंद केली, तेव्हा कुठलं देऊळ कोणत्या दिशेला तोंड करून आहे, त्याच्या कोणत्या बाजूला काय आहे, हे बारकाईने टिपलं. देवळाचं तोंड ही त्या माणसांसाठी पत्त्याइतकी नेमकी खूण होती. दौलताबादच्या वास्तूच्या गोष्टीत ही दिशा पुढे महत्त्वाची ठरते.

काळा दगड आणि आडवी तुळई

मराठवाड्याच्या पाथरवटाच्या हाती एकच मुख्य सामान होतं, काळा पाषाण. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाच्या थरांवर थर साचून दख्खनचं पठार बनलं. देवगिरीचा डोंगर त्याचाच तुकडा. हा दगड संगमरवरासारखा छिन्नीला सहज वश होत नाही, वाळूच्या दगडासारखा सरळ पाट्यांत निघत नाही. पण एकदा घडला की ऊनपावसात शतकानुशतकं झिजत नाही. दाब तो उत्तम पेलतो. ताण मात्र त्याला सोसत नाही. आडवी तुळई फार लांब केली की मधोमध खालच्या बाजूला चीर जाते.

यादवकालीन मंदिरांची सगळी रचना या एका मर्यादेतून निघाली. तुळई लांब नको, म्हणून खांब जवळजवळ. खांबाच्या माथ्यावर बाहेर आलेले हस्त, म्हणजे तुळईच्या टोकांना खालून टेकू, त्यामुळे मधलं उघडं अंतर आणखी कमी. खांबाचा तळ चौकोनी, वर अष्टकोन, त्याच्या वर गोल भाग, मग पुन्हा चौकोनी माथा, अशी चढण त्या काळच्या कितीतरी खांबांत दिसते. चुना नाही. चिरे एकमेकांवर अचूक घासून बसवलेले, वजनानेच जागच्या जागी राहिलेले. सिन्नरचं गोंदेश्वर, औंढ्याचं नागनाथ, जालना जिल्ह्यातलं अन्व्याचं देऊळ, लोणारचं दैत्यसूदन, सगळीकडे हाच हात ओळखू येतो. लोक या सगळ्यांना हेमाडपंती म्हणतात, मात्र यांतलं बरंच काम हेमाडपंताच्या आधीपासून चालत आलेलं आहे.

छताची युक्ती सर्वांत देखणी. चार खांबांवर चार तुळया ठेवल्या की चौकोन तयार होतो. चारी कोपऱ्यांवर तिरप्या शिळा टाकल्या की त्याचा अष्टकोन होतो. त्यावर दगडांची वर्तुळं एकावर एक, प्रत्येक वर्तुळ आधीच्यापेक्षा थोडं आत सरकवत नेली की शेवटी मधलं भोक एका शिळेने बंद होतं. खालून पाहिलं तर घुमट दिसतो. पण त्यात कमान कुठेच नाही. प्रत्येक दगड आडवाच बसलेला असतो, त्याचं मागचं टोक वरच्या दगडाच्या वजनाखाली दाबलेलं असतं. यासाठी लाकडाचा सांगाडा उभारावा लागत नाही आणि चुना वाळायची वाट पाहावी लागत नाही. दगड घडलेले तयार असतील तर काम झपाट्याने उरकतं.

ही शेवटची गोष्ट १३१८ मध्ये कामी आली.

एका सुलतानाची घाई

देवगिरीवरचा पहिला घाव १२९६ चा. कडा-माणिकपूरचा सुभेदार अलाउद्दीन अचानक चालून आला आणि अफाट लूट घेऊन परतला. त्याच पैशाच्या जोरावर तो दिल्लीचा सुलतान झाला. १३०७-०८ मध्ये त्याचा सेनापती मलिक काफूर याने रामचंद्राला पकडून दिल्लीला नेलं. अलाउद्दीनने त्याला रायरायान ही पदवी देऊन मांडलिक म्हणून परत पाठवलं. रामचंद्रानंतर त्याच्या मुलाने खंडणी नाकारली आणि तो काफूरच्या हातून मारला गेला. १३१६ मध्ये अलाउद्दीन वारला, दिल्लीत खुनाखुनी सुरू झाली, तेव्हा रामचंद्राचा जावई हरपालदेव उठला आणि त्याने देवगिरी ताब्यात घेतली.

नवा सुलतान कुतुबुद्दीन मुबारक स्वतः दक्षिणेत आला. हरपालदेव पकडला गेला, त्याला क्रूरपणे ठार केलं गेलं, आणि यादवांचं राज्य इथे संपलं. आता देवगिरी खंडणी देणारं मांडलिक राज्य राहिली नव्हती, तिथे दिल्लीचा थेट कारभार सुरू झाला. मुबारकच्या नाण्यांवर या जागेचं नाव कुतुबाबाद असं येतं. शुक्रवारच्या नमाजाआधी खुतब्यात, म्हणजे प्रवचनात, ज्याचं नाव वाचलं जातं तो राज्यकर्ता, हा त्या काळचा संकेत. म्हणून जिंकलेल्या शहरात जामा मशीद ही श्रद्धेची जितकी, तितकीच राजवटीचीही गरज होती. सैन्य होतं, अधिकारी होते, खुतबा वाचायला मोठी जागा नव्हती.

वेळही नव्हता. दिल्लीहून कारागिरांचे ताफे आणून, चुन्याच्या भट्ट्या लावून, कमानींसाठी सांगाडे उभारून मशीद बांधायची म्हणजे वर्षं गेली असती. मुबारकची गादी तर इतकी डळमळीत होती की १३२० मध्ये त्याचा खूनच झाला. मग सर्वांत जवळचा मार्ग पत्करला गेला. नगरातली मंदिरं पाडली गेली आणि त्यांचे खांब, तुळया, हस्त नव्या इमारतीत वापरले गेले. हे विजयाचं प्रदर्शन होतं, यात शंका नको. त्याचबरोबर सामान हाताशी असलेल्या आणि घाईत असलेल्या राज्यकर्त्याचा तो हिशेबही होता.

त्याआधी सव्वाशे वर्षांपूर्वी दिल्लीत कुतुबमिनाराजवळच्या कुव्वत-उल-इस्लाम मशिदीत हेच घडलं होतं. तिथेही मंदिरांचे खांब एकावर एक चढवून उंची साधली होती. देवगिरीनंतर दोनच वर्षांनी, १३२० मध्ये, विजापुरात करीमुद्दीनची मशीद उभी राहिली, तीही मंदिरांच्याच खांबांची. तिथल्या लेखात सालोटगी गावच्या रेवय्या या स्थानिक कारागिराचं नाव आलं आहे. खांब उतरवणं, वाहून नेणं, पुन्हा ओळंब्यात उभं करणं आणि त्यावर तुळई बसवणं हे काम तेच जाणत होते ज्यांच्या घराण्यात ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं होतं. सुलतानाने मशीद बांधली असं आपण म्हणतो. पण ती बांधायला लागणारी विद्या त्याच्या छावणीत नव्हती, ती याच मुलखात होती.

खोल देऊळ, रुंद मशीद

आवारात शिरण्याचं मुख्य द्वार पूर्वेला आहे. पायऱ्या चढून आत गेलं की समोर मोठं, जवळजवळ चौरस मोकळं अंगण पसरतं. पश्चिमेच्या बाजूला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, खांबांचा आडवा मंडप. शंभरावर खांब आहेत. त्यांच्या रांगांमधून पाहिलं की नजर कुठेच एका जागी ठरत नाही, प्रत्येक पावलागणिक रांगा बदलतात.

मंदिराचे खांब मशिदीत आणायचे म्हणजे केवळ जागा बदलायची नव्हती, मांडणीच उलटी करायची होती. देवळाची रचना खोलवर जाणारी. मुखमंडप, सभामंडप, अंतराळ आणि मग काळोखा गाभारा; माणूस एकेक उंबरा ओलांडत एका बिंदूकडे सरकत जातो. शेवटी गाभाऱ्याच्या दारात दोन-चार माणसंच मावतात. मशिदीची रचना रुंदावणारी. सगळ्यांनी खांद्याला खांदा लावून, एकामागे एक ओळी करून, एकाच भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं असतं. तिथे खोली कमी लागते, लांबी जास्त. म्हणून अनेक मंडपांचे खांब एकत्र आणून ओळीने लावले गेले. जे खांब एखाद्या सभामंडपात मधली मोकळी जागा राखून चौकोनात उभे होते, ते इथे जाळीसारखे सलग उभे राहिले.

खांबांची जाळी मशिदीला सोयीची होती असं नाही. दाट खांबांमुळे नमाजाच्या ओळी तुटतात, मागच्याला पुढचा इमाम दिसत नाही. तरीही जाळीच आली, कारण तुळई लांब करता येत नव्हती. इथे दगडाने आपलं म्हणणं सुलतानाला ऐकायला लावलं.

पश्चिमेच्या भिंतीच्या मध्यावर मिहराब आहे, मक्केची दिशा सांगणारा कोनाडा. त्याच्यासमोरचा भाग इतर छतापेक्षा उंच, घुमटाचा. आत उभं राहून मान वर केली की घुमटाची जातकुळी लगेच कळते. वर्तुळं आडवी, एकावर एक आत सरकत गेलेली. ही सभामंडपाच्या छताचीच रीत, फक्त खाली नंदी किंवा रंगशिळा असायची तिथे आता इमामाची जागा.

या बदलात एक गोष्ट मात्र फारशी बदलली नाही. देवगिरीपासून मक्का पश्चिमेला, जराशी उत्तरेकडे झुकून आहे. म्हणून नमाजी पूर्वेच्या दाराने येतो आणि पश्चिमेकडे तोंड करून उभा राहतो. मराठवाड्यातली पुष्कळ देवळं पूर्वाभिमुख. त्यांत शिरणारा भक्तही पूर्वेकडून येऊन पश्चिमेकडे पाहत देवासमोर उभा राहतो. देवाचं तोंड पूर्वेला, भक्ताचं पश्चिमेला. मशिदीत समोर मूर्ती नसते, भिंत असते. पण येणाऱ्याच्या पावलांची आणि नजरेची दिशा तीच राहते. स्थानपोथीतल्यासारखी नोंद कोणी या मशिदीची केली असती, तर दार पूर्वेला हे शब्द जसेच्या तसे वापरावे लागले असते. पुढे ६३० वर्षांनी इथे मूर्ती आली तेव्हाही या दिशेमुळे काहीच फिरवावं लागलं नाही.

राजधान्यांच्या येरझारा

१३२७ मध्ये मुहम्मद बिन तुघलकाने देवगिरीला दुसरी राजधानी केलं आणि तिला दौलताबाद हे नाव दिलं. दिल्लीतले उमराव, उलेमा, सूफी, कवी या बाजूला निघाले. तवारीखकार झियाउद्दीन बरनीने या स्थलांतराच्या हालांबद्दल कडवटपणे लिहिलं आहे. बुरहानुद्दीन गरीब आणि कवी अमीर हसन सिजझी याच लोंढ्यात दक्षिणेत आले. दोघांच्याही कबरी शेजारच्या खुलदाबादला आहेत. दहा वर्षांच्या आतच तुघलकाने बेत सोडला, पण आलेल्यांपैकी पुष्कळ इथेच राहिले. वऱ्हाड-मराठवाड्यातली सूफी परंपरा या काळात चांगली रुजली.

मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता १३४० च्या दशकात दौलताबादला आला. त्याच्या वर्णनात शहराचे तीन भाग येतात: सुलतान आणि सैन्यासाठी राखलेलं दौलताबाद, कटक, आणि देवगिरीचा बालेकिल्ला. किल्ल्यातल्या अंधारकोठडीत मांजराहून मोठे उंदीर असल्याचं त्याने ऐकलं होतं. त्याहून चटकदार वर्णन तरबाबाद नावाच्या गायकांच्या बाजाराचं आहे. दुकानं सजलेली, मध्यभागी घुमटी, तिथे गायिकांचा मेळा आणि त्यांचा मुख्य. त्याच बाजारात मशिदीही होत्या आणि रमजानमध्ये तिथे तरावीहचा नमाज होत असे. जामा मशिदीच्या भोवतीचं ते शहर नुसती लष्करी छावणी नव्हती. तिथे पैसा, गाणं आणि गर्दी होती.

या मशिदीतली सर्वांत मोठी घटना ३ ऑगस्ट १३४७ ची. दख्खनच्या अमीरांनी तुघलकाविरुद्ध बंड केलं. आधी इस्माईल मुख याला सुलतान निवडलं. तुघलकाने दौलताबादला वेढा घातला, पण गुजरातेत दुसरं बंड उसळलं म्हणून त्याला तिकडे धावावं लागलं. तेवढ्यात इस्माईल बाजूला झाला आणि जफरखान पुढे आला. याच मशिदीत त्याला अलाउद्दीन हसन बहमन शाह म्हणून गादीवर बसवण्यात आलं. जी मशीद दिल्लीचा हुकूम दक्षिणेत चालतो हे दाखवायला २९ वर्षांपूर्वी बांधली होती, तिथेच दिल्लीशी नातं तोडणारं बहमनी राज्य सुरू झालं.

बहमनींनी लवकरच राजधानी गुलबर्ग्याला नेली. तिथली १३६७ ची जामा मशीद पाहिली की दख्खनी बांधकाम कुठल्या कुठे पोहोचलं ते दिसतं. अंगण नाहीच, सगळं छताखाली. चुन्याच्या जोडणीच्या रुंद, बुटक्या कमानी आणि असंख्य घुमट. मंदिराच्या खांबांची जागा कमानीने घेतली. दौलताबादची मशीद त्या बदलाच्या अलीकडची, जिथे नवा धर्म जुन्याच बांधकामात राहायला आला होता. पुढे मराठवाड्यात, मलिक अंबरच्या खडकीत आणि मोगलांच्या औरंगाबादेत ज्या मशिदी झाल्या, त्या कमानींच्याच घराण्यातल्या. खांबांचा हा प्रयोग मागे पडला.

बाजूला पडलेली मशीद

अलाउद्दीन अहमद दुसरा बहमनी याच्या काळात, १४४५ च्या सुमारास, समोर चाँद मिनार उभा राहिला. त्याच्या पायथ्याशी लहान मशीद आहे आणि तिच्यावर इराणी धाटणीच्या निळ्या फरश्यांचे अवशेष. आजच्या छायाचित्रांत मिनार आणि जामा मशीद एका चौकटीत येतात, म्हणून ते एकाच कामाचे भाग वाटतात. पण त्यांच्यामध्ये सव्वाशेहून अधिक वर्षांचं अंतर आहे.

नंतर किल्ला निजामशाहीकडे गेला. सोळाव्या शतकात इथे किल्लेदार असलेले जनार्दनस्वामी संत एकनाथांचे गुरू. पैठणहून आलेल्या तरुण एकनाथांनी त्यांच्याकडेच शिक्षण घेतलं. जनार्दनस्वामींची समाधी किल्ल्यावर आहे. त्यांचे गुरू मानले जाणारे चाँद बोधले यांचं स्थानही इथलंच. मराठी भागवतधर्माच्या इतिहासातला एक महत्त्वाचा दुवा निजामशाहीच्या चाकरीत, या तटबंदीच्या आत जुळला हे विसरता येत नाही. १६२९ च्या जुलैत निजामशहाच्या दरबारात लखुजी जाधवांचा खून झाला तोही दौलताबादेत. सिंदखेडच्या जाधवांचं घराणं स्वतःला देवगिरीच्या यादवांचं वंशज सांगतं. त्या वंशाच्या माणसाचा शेवट पूर्वजांच्या राजधानीत व्हावा हा दैवदुर्विलास म्हणावा लागेल.

१६३३ मध्ये महाबतखानाने किल्ला मोगलांना मिळवून दिला. औरंगजेबाच्या काळात सुभ्याचा सगळा व्याप औरंगाबादेत एकवटला आणि दौलताबाद तुरुंग म्हणून उरलं. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह १६८७ नंतर इथल्या चिनी महालात कैदेत होता. माणसं उठून गेली की जामा मशिदीला जमात राहत नाही. निजामाच्या काळात शहराचं गाव झालं, आणि गावाच्या मानाने ही मशीद फार मोठी होती.

तिसरं आयुष्य

१३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत भारतीय सैन्याच्या कारवाईपुढे निजामाचं हैदराबाद संस्थान नमलं. त्याआधीच्या वर्षा-दीड वर्षात रझाकारांचा छळ, स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालचा स्टेट काँग्रेसचा लढा आणि सीमेवरच्या छावण्या यांनी मराठवाडा ढवळून निघाला होता. १७ सप्टेंबर हा आज मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळला जातो. विलीनीकरणानंतर या रिकाम्या मशिदीत भारतमातेची मूर्ती बसवली गेली. पश्चिमेच्या भिंतीच्या मध्यावर, मिहराबापाशी, मूर्तीचं तोंड पूर्वेला.

निवड विचार करण्यासारखी आहे. इथे शिव, विष्णू किंवा तीर्थंकर परत आणले गेले नाहीत. आली ती भारतमाता, म्हणजे जिची प्रतिमा तेव्हा जेमतेम अर्धशतकाची होती. अवनींद्रनाथ ठाकुरांनी १९०५ मध्ये भगवी वस्त्रं ल्यालेली चतुर्भुज भारतमाता रंगवली, ती स्वदेशी चळवळीत घरोघरी पोचली. काशीत शिवप्रसाद गुप्तांनी बांधलेल्या भारतमाता मंदिराचं उद्घाटन महात्मा गांधींनी १९३६ मध्ये केलं. तिथे मूर्ती नाही, संगमरवरात कोरलेला अखंड भारताचा नकाशा आहे. हरिद्वारचं प्रसिद्ध भारतमाता मंदिर १९८३ चं. म्हणजे देशभरच्या भारतमाता मंदिरांत दौलताबादचं मंदिर बरंच जुनं ठरतं.

मुबारक खिलजीला १३१८ मध्ये जे दाखवायचं होतं, ते विलीनीकरणानंतरच्या मराठवाड्यालाही दाखवायचं होतं: आता इथे राज्य कोणाचं. बहमन शाहनेही १३४७ मध्ये त्यासाठीच ही जागा निवडली. देवगिरीवर नवा झेंडा लागला की त्याची ग्वाही देण्याची जागा हीच, असा जणू रिवाज पडला. यातलं पहिलं परिवर्तन मंदिरं पाडून झालं, शेवटचं काहीही न पाडता. त्यामुळेच मिहराब, घुमट आणि खांब आज आपल्याला पाहायला मिळतात. कोणाचा दावा खरा, या वादात हा फरक सहसा हरवतो.

जगात असं आणखीही घडलं आहे. स्पेनमधल्या कॉर्दोबाची मशीद आठव्या शतकात रोमन आणि ख्रिस्ती इमारतींच्या खांबांवर उभी राहिली. खांब बुटके होते, म्हणून तिथल्या कारागिरांनी कमानीवर कमान चढवून छत उंच केलं. १२३६ मध्ये शहर ख्रिस्ती राजाकडे गेलं, मशिदीचं कॅथेड्रल झालं आणि सोळाव्या शतकात मधोमध नवं चर्च घुसवलं गेलं. तरी लाल-पांढऱ्या कमानींचं ते अरण्य टिकलं. तिथेही राज्यकर्ते बदलले आणि तिथेही खांबांनी नव्या मालकांना आपल्या अटी घातल्या.

पाहायचं कसं

वास्तू आज भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या देखरेखीखाली आहे, किल्ल्याच्या तिकिटातच ती पाहता येते. किल्ला चढण्याआधी, सकाळी, इथे पाऊण तास द्यावा. पूर्वेच्या दारातून शिरताना अंगणाचा विस्तार नजरेत घ्या, म्हणजे किती माणसांसाठी ही जागा आखली होती ते कळेल. मग मंडपाच्या उत्तरेच्या टोकाला जाऊन दक्षिणेकडे पाहा. मशिदीची रुंदी तिथूनच समजते. नंतर एकेका खांबाजवळ थांबा. दोन शेजारी खांबांचं कोरीवकाम सारखं आहे का, हस्तांचं वळण जुळतं का, हे ताडून पाहिलं की वेगवेगळ्या मंडपांतून आलेले खांब ओळखायला येऊ लागतात. आणि शेवटी घुमटाखाली, मूर्तीसमोर उभं राहून वर पाहा.

महाराष्ट्रात हेमाडपंती देवळांची मोजदाद हौसेने होते, प्रत्येक गावाला आपलं देऊळ सर्वांत जुनं वाटतं. पण यादवांच्या राजधानीतल्या पाथरवटांचं सर्वांत मोठं काम एकत्र पाहायचं तर ते या मंडपातच आहे, इतके यादवकालीन खांब देवगिरीत दुसरीकडे एकत्र शिल्लक नाहीत. ते टिकलं याचं एक कारण सुलतानाने ते वापरात ठेवलं, आणि दुसरं, १९४८ मध्ये ते कोणी पाडलं नाही. म्हणून इथे काम करायचं असेल तर ते मोजमापाचं आहे. प्रत्येक खांबाला क्रमांक, त्याची उंची, कोरीवकामाचा आराखडा, पाथरवटाच्या खुणा. मराठवाड्यात वास्तुशास्त्राची आणि इतिहासाची महाविद्यालयं आहेत. एका हंगामाचा हा अभ्यास आहे. त्यातून देवगिरीच्या नाहीशा झालेल्या मंदिरांचे आराखडे कागदावर पुन्हा मांडता येतील, आणि ते करायला मशिदीचा वा मंदिराचा एकही दगड हलवावा लागणार नाही.